काही न करणारा शत्रू

आमच्या घरात पहिला आणि शेवटचा व्हिडिओ गेम आला तो देवळाली कॅम्पातून. माझा मामा तिथल्या बाजारात एका दुकानात कामाला होता. लष्करातल्या कुणाची बदली झाली की त्या घरातलं सामान विकायला निघायचं, सायकली, कूलर, मुलांची खेळणी, आणि मामाचा त्यावर डोळा असायचा. मी सहावीत असताना भाऊबिजेला तो दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यात आला आणि पिशवीतून त्याने एक राखाडी डबी काढली. मधे हिरवट काच, डावीकडे फुलीच्या आकाराचं बटण, उजवीकडे दोन गोल बटणं, मागे चार पेन्सिल सेल. "साहेबाच्या पोराची हे," मामा म्हणाला. "आपटायची नाय, पाण्यात बुडवायची नाय, आन् भांडायचं तर मुळीच नाय." यातलं शेवटचं आमच्यासाठी होतं. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि भांडायला आम्हाला कारण लागत नसे.

डबीत एकच खेळ होता. तो आधीच्या मालकाने इतका आत दाबून बसवला होता की निघतच नव्हता, आणि वरचा कागद नखाने खरवडून टाकलेला होता. त्यामुळे त्या खेळाचं नाव मला आजतागायत माहीत नाही. पुढे शहरात जाणकार भेटले. त्यांनी माझं वर्णन ऐकून तीन-चार नावं सुचवली, एकाने तर चित्रंही दाखवली. मला एकही पटलं नाही. माझ्या आठवणीतला खेळ त्यांच्या चित्रांपेक्षा चांगला होता, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

खेळ साधा होता. पाठीवर पिशवी घेतलेला एक माणूस डावीकडून उजवीकडे चालायचा, खड्ड्यांवरून उड्या मारायचा, आणि समोरून शत्रू यायचे. एक दगड फेकणारा होता. एक वरून झेप घेणारा पक्षी होता. एक काटेरी चेंडू होता, त्याच्यावर उडी मारली तर आपणच मरायचो. आणि एक होतं बुटकं, गोल, चार पायांचं, डोक्यावर तीन केसांची शेंडी असलेलं काहीतरी. ते समोरून यायचं, जमिनीच्या कडेपर्यंत जायचं, तिथे जरा थांबायचं आणि वळून परत जायचं. त्याच्या डोक्यावर उडी मारली की 'टुण्' असा आवाज यायचा, ते चपटं व्हायचं आणि वर शंभर गुण पडायचे. पहिल्या टप्प्यात अशी सात होती. आम्ही सातही मारायचो. ते शत्रूच आहे याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती, कारण ते शत्रूंच्याच बाजूने यायचं.

काचेला स्वतःचा उजेड नव्हता. त्यामुळे खेळायचं ते दिवसा, ओट्यावर, ऊन काचेवर बरोबर पडेल अशी मान वाकडी करून. सेल उतरले की नवे मिळायची शक्यता शून्य. मग ते काढून गोठ्याच्या पत्र्यावर उन्हात ठेवायचे. दोन तास तापले की अर्धा तास चालायचे. सगळे सेल उन्हात तापवतात, अशीच माझी समजूत होती. पुढे हॉस्टेलवर मी टॉर्चचे सेल खिडकीत मांडले तेव्हा बरोबरच्या मुलींनी तोंडात बोटं घातली.

आता आईचं सांगते. द्राक्षाची बाग म्हणजे फवारणी. आमच्याकडे तेव्हा ट्रॅक्टरमागचा ब्लोअर नव्हता. इंजिनवर चालणारा पंप होता, त्याला लांब नळी आणि पुढे गन. गन अण्णांच्या हातात, अण्णा म्हणजे माझे वडील. नळी ओढायला भाऊ. आणि बांधाला ठेवलेल्या दोनशे लिटरच्या टिपाडाजवळ आई. त्यात औषध कालवायचं आणि फवारणी संपेपर्यंत काठीने ढवळत राहायचं, कारण ढवळणं थांबलं की औषध तळाशी बसतं आणि निम्म्या बागेला नुसतं पाणी मिळतं. सकाळपासून दुपारपर्यंत आई तिथे वाकून उभी असायची, तोंडाला जुन्या साडीचं फडकं बांधून. मला ती टिपाडाच्या दहा पावलांत येऊ द्यायची नाही.

त्या वर्षी छाटणीनंतर तिला दम लागायला लागला. आधी सर्दी म्हणून कानाडोळा केला, मग एकदा ती विहिरीजवळ खाली बसली आणि तिला उठताच येईना. अण्णांनी तिला नाशिकला नेलं. डॉक्टर हुशार होता. त्याने कोणकोणती औषधं मारता, कशाच्या दिवशी त्रास होतो, सगळं विचारलं, आणि सांगितलं की भुरी, दावण्या असल्या बुरशीच्या रोगांची औषधं चालतील, पण ते पिठ्याचं औषध, ज्याचा उग्र वास दोन शेतं सोडून येतो, त्याच्या वाऱ्यालाही हिने उभं राहायचं नाही. अजून चार-पाच वर्षं तसंच चाललं तर छाती पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही. पिठ्या म्हणजे मिलीबग. पांढरी, कापसाची बोंडं चिकटल्यासारखी दिसणारी कीड. ती खोडाच्या सालीखालून घडात शिरली की घड चिकट होतात, काळे पडतात आणि व्यापारी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणजे ते औषध मारल्याशिवाय सुटका नव्हती, आणि आमच्याकडे टिपाडाजवळ उभं राहायला दुसरं माणूस नव्हतं. सगळ्या बागांची फवारणी एकाच वेळी असते, शेजारी कोण येणार?

पंधरा दिवस आई ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली असायची. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाताला काम नव्हतं आणि ते तिला अजिबात झेपत नव्हतं. फारच असह्य झालं की ती आमच्यावर डाफरायची. एका दुपारी तिचं तोंड बंद करण्यासाठी मी डबी तिच्या हातात दिली. "हे काय करू मी?" ती म्हणाली. मी म्हटलं, माणूस चालव. तिने फुली दाबली, माणूस चालला, आणि तिला इतकं हसू आलं की खोकला लागला.

आईला उडी मारणं कधीच जमलं नाही. एका हाताने चालवायचं आणि दुसऱ्याने उडी मारायची, यातलं एकच काय ते ती करू शकायची. खड्डा आला की ती खड्ड्यात. समोरून शत्रू आला की ती दोन्ही हात बटणांवरून उचलून घ्यायची आणि डोळे मिटायची, जसं काही न बघितल्याने तो निघून जाणार होता. भाऊ बाजूला बसून कपाळावर हात मारून घ्यायचा. त्या दिवशी पहिल्या टप्प्यातलं पहिलंच ते शेंडीवालं गोल समोरून आलं. आईने हात उचलले, डोळे मिटले. ते आलं, माणसाच्या पायाला लागलं, जरा थांबलं, आणि वळून आल्या वाटेने परत गेलं. माणूस तसाच उभा. आईने एक डोळा उघडला.

"अगं," ती म्हणाली, "काय करत नाय ते."

भाऊ म्हणाला, असं होणार नाही. डबी हिसकावून त्याने स्वतः माणूस नेऊन त्याच्यापुढे उभा केला. ते पुन्हा आलं, लागलं, वळलं. त्याने दुसऱ्यापुढे उभं करून पाहिलं, तिसऱ्यापुढे. सातही तशीच. म्हणजे इतके दिवस आम्ही दोघांनी, रोज कितीतरी वेळा, ज्याला उड्या मारमारून चपटं केलं होतं त्याने आमचं काहीही केलं नसतं. ते बिचारं आपलं कडेपर्यंत जाऊन परत येत होतं. मला खूप वाईट वाटलं. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी खरोखर आत जाऊन पाणी प्यायले.

आईने त्याचं नाव 'बिचारं' ठेवलं. आणि फर्मान काढलं की आमच्या घरात बिचाऱ्याला मारायचं नाही. भाऊ भडकला. "शंभर गुण हेत त्याचे!" "गुणांचं काय लोणचं घालतो का?" आई म्हणाली. तेव्हापासून मी बिचाऱ्यावरून उडी मारून पलीकडे जायचे, ते जास्त अवघड होतं, कारण जरा चुकलं की पाय त्याच्या डोक्यावरच पडायचा. भाऊ मात्र आई आत गेली की टुण्, टुण्, टुण्. मी ओरडायचे, आई आतून विचारायची काय झालं, आणि तो म्हणायचा चुकून पडला. सात वेळा चुकून.

आईने मात्र बिचाऱ्याशी जवळजवळ मैत्री केली. तिला पुढच्या टप्प्यांची हौसच नव्हती. ती माणसाला चालवत त्या पहिल्या बिचाऱ्यापर्यंत न्यायची आणि तिथे थांबायची. ते यायचं, लागायचं, परत जायचं. ती ते बघत बसायची. एकदा मी विचारलं, यात काय बघतेस? ती म्हणाली, "आपण आधीच मारून टाकतो, म्हणून कळत नाय कोण कसं हे ते. जरा थांबून बघायचं." मला ते तेव्हा फार मोठं वाटलं नाही. आई बोलण्याच्या ओघात असं पुष्कळ काही बोलायची.

याच दिवसांत अण्णा एका प्रशिक्षणाला गेले. पिठ्या खाणारे किडे असतात, ते बागेत सोडले की औषध मारावं लागत नाही, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. एरवी असल्या गोष्टींना ते हसले असते. पण आईचं हे असं झालं होतं आणि ते आतून घाबरले होते. दिवसभर बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि येताना प्लॅस्टिकच्या चार बरण्या आणल्या. त्यात बारीक काळपट भुंगेरे होते, डोकं तांबूस. आम्ही सगळे बागेत गेलो. आईसुद्धा आली, कितीतरी दिवसांनी. अण्णांनी बरणीचं तोंड ओलांड्यापाशी, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीपाशी, धरलं आणि हळूच थोपटलं, किडे फांदीवर उतरले आणि सालीच्या फटीत शिरले. "आता या बागेत ते औषध मारायचं नाय," अण्णा म्हणाले. "हे खातील." घरी आल्यावर आईने तोंडाला बांधायचं फडकं धुतलं, फाडलं आणि त्याची भांडी पुसायची दोन फडकी केली.

पुढचे आठ-दहा दिवस अण्णा चहाच्या टपरीवर भुंगेऱ्यांवर व्याख्यानं देत होते. किडा किती खातो, किती दिवस जगतो, त्याची पिल्लं किती खातात, सगळं. वस्तीवरची सगळी पुरुषमंडळी त्यात तयार झाली. घरात मात्र त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं होतं की भुंगेरे दिसले तर मारू नका. बाकीचं बायकांना आणि पोरांना सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्याकडे शेतीची माहिती टपरीवर सांगायची असते आणि घरात फक्त काम सांगायचं असतं. मी आता त्यांच्यावर रागावते, पण त्या वेळी मलाही ते नेहमीचंच वाटलं होतं.

भुंगेरे सोडल्यावर तीन आठवड्यांनी मला बागेत किडी दिसल्या. मण्यांत पाणी उतरायला, म्हणजे द्राक्षं पिकू लागायला, अजून वेळ होता. मी शाळेत जायच्या आधी घड बघायला गेले होते, कारण आईसाठी बागेवर नजर ठेवायचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं. ओलांड्याच्या खालच्या बाजूला पांढऱ्या, लांब लोकरीच्या किडी. नेहमीच्या पिठ्यापेक्षा दुप्पट मोठ्या. एक नाही, दोन नाही, प्रत्येक दोन-तीन झाडांमागे पाच-सहा. अण्णांना हे दिसलं तर ते औषध आणणार, औषध आलं की टिपाड भरणार, आणि आई बाकी कुणालाही तिथे उभं राहू देणार नाही हे मला माहीत होतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी अंगठ्याने एक चिरडली.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी तासभर लवकर उठून बागेत जात होते. ओळ धरायची, खाली वाकायचं, साल उचकटून बघायचं आणि दिसेल ती चिरडायची. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर अण्णांना कळलं असतं. दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या होत्या, हे मी इथे कबूल करते. एक म्हणजे पिठ्या चिरडला की लालसर पाणी निघतं, आणि यांच्यातून पिवळट निघत होतं. दुसरी म्हणजे पिठ्या जागचा हलत नाही, आणि हे पळायचे. बोट जवळ नेलं की लगबगीने सालीखाली जायचे. मी मनाशी म्हटलं, ही जबर जात दिसते, आणि आणखी घाई केली. एकही असा नव्हता की ज्याच्यापुढे मी क्षणभर थांबून बघितलं, हा काय खातो, काय करतो. दुपारी शाळेतून येऊन मी ओट्यावर बसून बिचाऱ्यावरून जपून उड्या मारत होते, आणि सकाळी हे करत होते.

मला वाटलं होतं बाग स्वच्छ झाली. पण पंधरा दिवसांनी घड चिकट व्हायला लागले. आता खरा पिठ्या होता, बारीक, न हलणारा, ढिगाने. अण्णांनी ओळीओळीने फिरून भुंगेरे शोधले. एखाददुसरा दिसला. ते बांधावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "फसवलं आपल्याला. काय कामाचे नाय ते किडे." टपरीवर त्यांनी हेच सांगितलं. ज्या दोघांनी पुढच्या वर्षी किडे आणायचं ठरवलं होतं त्यांनी बेत सोडला.

दुसऱ्या दिवशी औषध आलं. अण्णा म्हणाले, मी मधेमधे येऊन ढवळीन. आई म्हणाली, "आन् गन कोण धरंल? झाड?" तिने नवं फडकं शोधलं नाही, पदरच तोंडाला गुंडाळला आणि काठी हातात घेतली. मी दहा पावलांवर उभी होते. तो वास माझ्या जिभेवर आला. आई वाकून ढवळत होती आणि मला हाताने खुणा करत होती, लांब जा, लांब जा.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मी कॅलेंडरचं पान उलटायला गेले, ते काम घरात माझं होतं. मागच्या खिळ्याला अडकवलेला एक घडी केलेला कागद खाली पडला. अण्णांना प्रशिक्षणात मिळालेलं माहितीपत्रक. आत भुंगेऱ्याचं चित्र होतं, आणि त्याच्या शेजारी त्याच्या पिल्लाचं. पांढरं, लांब लोकरीचं, पिठ्याहून मोठं. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं की मित्रकिडीची ही अळी पिठ्यासारखीच दिसते, ती सर्वांत जास्त पिठ्या खाते, तिला चुकून मारू नये. मी ते तीनदा वाचलं. मागच्या अंगणात पाणी तापवायचा बंब पेटलेला होता. मी कागद पुन्हा घडी केला, बंबात टाकला आणि तो जळेपर्यंत तिथे उभी राहिले. आई विहिरीकडून हंडा घेऊन आली, मधे एकदा थांबून श्वास घेतला आणि मला म्हणाली, धुरात कशाला उभी आहेस.

त्यानंतर डबी मला हातात धरवेना. भाऊ म्हणायचा, ये, आज तुझ्या बिचाऱ्याला नाही मारत, शप्पथ. मी अभ्यास आहे म्हणायचे. बिचारं आलं, वळलं, गेलं, हे बघितलं की माझा अंगठा आपोआप मुठीत जायचा. उन्हाळ्यात सेल फुटून आत हिरवं पाणी सांडलं आणि डबी बंद पडली. भाऊ रडला. मला सुटल्यासारखं वाटलं.

आई त्यानंतर आठ वर्षं टिपाडाजवळ उभी राहिली. पिठ्याच्या औषधाच्या दिवसांनंतर आठवडाभर ती उशाला दोन उशा घेऊन बसूनच झोपायची. भावाने कर्ज न काढता, मामाच्या मदतीने जुना ट्रॅक्टर आणि ब्लोअर घेतला तेव्हा कुठे ते टिपाड गाईंच्या पाण्याला लागलं. मी तोवर शिकून नाशिकला एका शाळेत शिकवायला लागले होते. दर सहा महिन्यांनी आई बसने यायची आणि मी तिला गंगापूर रोडवर छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचे. बसमधून उतरताना ती दांडा धरून उभी राहायची आणि मागच्यांना म्हणायची, व्हा पुढं, मला घाई नाय.

अशाच एका खेपेला तिथली बाई फॉर्म भरत होती. तिने आईला विचारलं, फवारणीच्या औषधाशी किती वर्षं संबंध? आईने बोटांवर मोजलं. "लग्नापासून," ती म्हणाली. "मधी एक साल हेंनी ते किडे आणले होते, तेवढे दीड-दोन महिने सुटका. पण ते काय टिकले नाय." बाईने आकडा लिहिला आणि आम्हाला बाकावर बसायला सांगितलं.

मी बसले आणि म्हटलं, "आई, ते टिकले होते."

मग मी तिला सगळं सांगितलं. पांढरी लोकर, पिवळं पाणी, रोजची सकाळ. बोलताना मी समोरच्या भिंतीकडे बघत होते. बारा वर्षांत किती वेळा मनात घोकलेलं, पण तोंडातून ते अगदी वेडंवाकडं निघालं. आई ऐकत होती. मधे तिने विचारलं, "लय होते का गं?" मी म्हटलं, हो, लय होते. "म्हंजे चांगले वाढले होते," ती म्हणाली, आणि तिला ते ऐकून बरं वाटल्यासारखं दिसलं. "आन् तू मारले कशाला?"

"तुला टिपाडाजवळ जायला लागू नये म्हणून."

तिने माझा हात तिच्या मांडीवर ओढून घेतला. "येडी का तू? एवढीशी पोर व्हतीस. मलाबी तसंच वाटलं असतं, मीबी मारले असते." ती हे मनापासून म्हणत होती. मला रडू फुटलं. समोरचे लोक बघायला लागले, तिने पदराने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं खसाखसा. मला वाटलं, संपलं एकदाचं. इतकं सोपं होतं तर मी इतकी वर्षं काय धरून बसले होते?

"मंग तुला कळलं कधी?" तिने विचारलं. "का ते आपले किडे होते म्हणून?"

"पुढच्याच महिन्यात. अण्णांच्या कागदावर चित्र होतं."

तिचा हात माझ्या हातावर तसाच होता. मग अगदी साध्या आवाजात, बाजारातून काही आणायचं राहून गेलं तर म्हणावं तसं म्हणाली, "तवाच सांगायचं ना गं. पुढच्या साली परत सोडले असते."

तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला. ती बाकाचा हात धरून उठली, चपला बाहेर काढल्या आणि आत गेली. दार नीट लागलं नव्हतं. तिथे एका नळीत जोरात फुंकायला लावतात, छातीत किती हवा मावते ते बघायला. "फुंका मावशी," आतली बाई म्हणत होती. "अजून जोरात. थांबू नका, अजून. एवढंच?"